शहागंजात देऊन आलेली डिस्क

शहागंजातल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मला फसवलं. माझ्या दोन डिस्का त्यानं स्वतःच्या हातानं तपासल्या, चांगली कुठली आणि आजारी कुठली ते बघून घेतलं, चांगली आपल्या खणात ठेवली आणि आजारी माझ्या पिशवीत टाकली. वर चहा पाजला. मी साठी ओलांडलेला माणूस. पस्तीस वर्षं लेथवर काम करून आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करून या शहरात घर बांधलं, आणि मला एका माणसानं चहा पाजता पाजता गंडवलं. आधी हे लिहून टाकतो. घरात आता हा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

मी खुलताबादच्या पलीकडच्या एका वाडीवरचा. घरी मेंढरं होती. दहावीला विज्ञानात आणि गणितात नापास झालो तेव्हा चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथखालचा लोखंडी कीस झाडायला लागलो. झाडता झाडता बघत गेलो, बघता बघता शिकलो, आणि पुढं स्वतःचं शेड टाकलं. मला शिकवायला कुणी बसलं नाही. कॉम्प्युटरही तसाच आला. एक कारखाना बंद पडला, त्याच्या ऑफिसचं सामान भंगारात निघालं, त्यात एक सर्व्हर होता. गव्हाच्या कोठीएवढी जड पेटी. भंगारवाल्याशी दोन दिवस हुज्जत घालून मी ती लोखंडाच्या वजनावर घेतली. घरी आणून जिन्याखाली ठेवली, धूळ उडवली, पंखे बदलले आणि महिनाभर डोकं लावून चालू केली.

ती घेतली बायकोसाठी. बायको शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. एका मुलीला मदत म्हणून सुरू केलं होतं, मग मुलं वाढत गेली. मागच्या खोलीत, दाराला गादी लावून, पंखा बंद करून, घाम गाळत ती वाचायची. नुसतं वाचायची नाही. पुस्तकात आकृती आली की थांबायची आणि सांगायची, "आता डावा तळहात उभा धर. ते भिंग. उजव्या हाताचं एक बोट त्याच्याकडं आण. तो प्रकाशाचा किरण. आता बोट तळहाताला लागलं की थोडं वाकव." मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो आणि माझंही बोट वाकायचं. दहावीत मला कुणी असं सांगितलं असतं तर, असं वाटायचं. पण ते असो.

तिचं वाचन रेकॉर्डरच्या छोट्या कार्डावर उतरायचं. मी ते सर्व्हरवर टाकायचो आणि कार्ड पुसून मोकळं करायचो. हा माझाच नियम. ती म्हणायची, "अहो, कार्डावरचं राहू द्या की थोडे दिवस." मी म्हणायचो, "दोन डिस्का आहेत. एकीत जे लिहिलं जातं तेच दुसरीत लिहिलं जातं. एक मेली तर दुसरी आहे. आमच्या धंद्यात एका जॉबचे दोन नमुने काढतात, एक गिऱ्हाइकाकडं, एक आपल्या कपाटात. कळलं?" ती म्हणायची, "कळलं. तुमचं कपाट कुठंय?" मी हसण्यावारी न्यायचो.

आणखी एक तिची सवय होती. पुस्तक पूर्ण झाल्याशिवाय ती कुणाला द्यायची नाही. आधी सगळं पुस्तक स्वतः डोळे मिटून ऐकायची, चुकलेलं पुन्हा वाचायची, मगच मुलांच्या फोनवर पाठवायची. "अर्धी भाकर वाढली की पोरगं उपाशीच उठतं," म्हणायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती दहावीच्या विज्ञानाला लागली. त्याच सुमारास सर्व्हरचा बझर वाजायला लागला. टीक, टीक, मग थोडी शांतता, मग पुन्हा टीक. जिन्याखालची पेटी आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. ती बाहेर आली, पदरानं मान पुसत.

"तुमचा पक्षी पुन्हा बोलला."

"लाईटचा दोष असंल. व्होल्टेज वरखाली होतंय."

"असू दे, पण सगळ्या धड्यात तो बोलतोय. पोरांना वाटंल, परीक्षेत त्याच्यावर पण प्रश्न आहे."

मी पेटी उघडली. केबली दाबून बघितल्या, एक ढिली वाटली, ती घट्ट बसवली. चालू केली. टीक. बंद केली, इन्व्हर्टरवरून काढून सरळ भिंतीतल्या बोर्डावर लावली. टीक. दोन दिवस त्यातच गेले. तिकडं ती वाचायची थांबलेली, आणि ती थांबली की मला घरात वावरता येत नाही. तिसऱ्या दिवशी मी पकड घेतली आणि तो बझर मुळासकट उपटून काढला. घर शांत झालं. ती आत गेली, गादी ओढून घेतली आणि वाचायला लागली. मला काहीतरी दुरुस्त केल्याचं समाधान झालं.

तो बझर सांगत होता की जोडीतली एक डिस्क मागं पडली आहे, तिच्यावर लिहिणं बंद झालंय. हे मला वर्षभरानं कळलं. तोवर दोन नमुन्यांपैकी एकच चालू होता आणि दुसरा त्या दिवसापाशी थांबून पेटीत नुसता बसून होता. वरून दोघी सारख्याच. एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या.

या मार्चात तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. तारीख मिळाली तेव्हा विज्ञानाचे शेवटचे दोन धडे राहिले होते. ती रोज दुपारी दोन-दोन तास बसली. मी म्हणालो, नंतर वाच. म्हणाली, "नंतरचं कोण सांगतं." आदल्या दिवशी शेवटचा धडा संपवून बाहेर आली आणि दोन तांबे पाणी प्यायली. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. म्हणजे पूर्ण नाही. वाळूवर चप्पल घासावी तसा काहीतरी निघतो, तोही चार वाक्यांपुरता. डॉक्टर म्हणाले, सुधारेल. किती, ते म्हणाले नाहीत.

एप्रिलात सर्व्हर आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग तासातून. मी पुन्हा पेटी उघडून बसलो. या वेळी घाई केली नाही. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पाय घासले, एकेक पट्टी लावून बघितली. पॉवर सप्लाय बदलून बघितला. प्रोसेसरवरचा वाळलेला मलम खरवडून नवा लावला. दोन डिस्का बाजूला काढून नुसती पेटी चालवली, तरी बंद. शेवटी विजेरी धरून पेटीतला मदरबोर्ड बघितला तेव्हा तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तव्यावरच्या भाकरीसारखे. बोर्ड गेला होता. नवी पेटी घेणं आलं.

दोन्ही डिस्का रुमालात गुंडाळून पिशवीत घातल्या, नव्या पेटीत बसतात का ते तिथंच बघावं म्हणून, आणि शहागंजात गेलो.

दुकान एका बोळात. आत कीबोर्डांचा ढीग, वायरींचे वेटोळे. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. त्यानं गाव विचारलं, मी सांगितलं.

"अरं वा! मग तुम्ही मामाच लागता. माझं आजोळ तिकडचं."

"मामा लागतो तर मामाचा भाव सांग."

त्यानं सांगितला. मी त्याच्या निम्म्याला मागितली.

"मामा, देवाशप्पथ परवडत नाय."

"देवाला मधी घालू नको, त्याला कॉम्प्युटरमधलं कळत नाय."

तो हसला. मी दोनदा पायऱ्या उतरलो, दोनदा त्यानं हाक मारली. हा खेळ मी आयुष्यभर खेळलोय आणि मला तो आवडतो, हे कबूल करतो. भाव न करता मी मीठसुद्धा घेतलं नाही. पण शेवटी थोड्याशावर अडलं. तो खाली येईना, मी वर जाईना. चहा आला. त्याची नजर पिशवीकडं गेली.

"त्यात काय हाय, मामा?"

मी रुमाल सोडला. दोन्ही डिस्का टेबलावर ठेवल्या.

इथं मला खरं लिहिलं पाहिजे. त्यानं मागितली नव्हती. मीच म्हणालो, "ही एक धर आणि विषय मिटव. दोन्हीत एकच आहे. मला एक पुरं." म्हणताना मला आपण फार हुशारी केली असं वाटलं. जास्तीची वस्तू देऊन माल पदरात पाडला. घरी गेल्यावर सवडीनं दुसरी घेऊ आणि जोडी पुन्हा लावू, असा हिशेब. आधी घरी जाऊन दुसरीकडं उतरवून घ्यावं, मग द्यावं, एवढं डोक्यात आलं नाही. सौदा समोर मिटत असताना मी घरी जाणारा माणूस नाही.

"द्या, चालतात का बघतो," म्हणत त्यानं दोन्ही एका यंत्राला जोडल्या. पडदा त्याच्याकडं होता. मी चहा पीत होतो. तो थोडा वेळ बघत बसला.

"चालतात मामा, दोन्ही."

"कुठली घेतोस?"

"कुठली बी. तुम्हीच म्हणले ना, दोन्हीत एकच."

आणि त्याचा हात सरळ उजवीकडच्या डिस्कवर गेला. अडखळला नाही. ती त्यानं खणात टाकली, दुसरी स्वतः रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. "जपून न्या, मामा."

नवी पेटी घरी लावली, डिस्क जोडली, पडद्यावर पुस्तकांची नावं ओळीनं आली. मराठी, इतिहास, भूगोल. मी खूश. शेवटपर्यंत खाली जाऊन बघितलं नाही. बायको तेव्हा झोपून असायची.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यात, ती उठून खुर्चीत बसली आणि खुणेनं म्हणाली, विज्ञान लावा, ऐकून घेते, जूनमध्ये शाळा आहे. मी लावायला गेलो. विज्ञानाचा पहिला धडा अर्ध्यावर होता. त्याच्यापुढं काही नव्हतं. आधी वाटलं, दुसरीकडं कुठं टाकलं असेल. शोधलं. मग वाटलं, केबल. केबल बदलली. सगळ्यात नवी फाईल गेल्या उन्हाळ्यातली होती. तारीख बघितली आणि मला ती पकड आठवली.

ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती, ऐकायच्या तयारीनं. मी म्हणालो, "जरा थांब, मशीन अडलंय." तेवढ्यात डिस्क आतून कट कट करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क घेऊन शहागंज गाठलं. दुकान उघडायचं होतं. शेजारी एका टपरीत एक म्हातारा मिस्त्री कॉम्प्युटरच्या बोर्डांना कथिलाचा डाग देत बसला होता. मी त्याला डिस्क दाखवली. त्यानं चष्मा वर केला, ती जोडली आणि पडदा माझ्याकडं फिरवला. वरच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका, डिस्क आजारी असल्याची खूण.

"देखो बडे भाई. पीली. खराबी बहोत पुरानी है, आजकल की नै."

"हे कुठल्या पण दुकानात दिसतं?"

"हौ. डिस्क लगाए की सबसे पहले येइच दिखता."

"म्हणजे दोन समोर असल्या तर..."

"तो पीली कौन रखेंगा? मैं बी नै रखता." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "दूसरी किसकू दिए?" मी शटरकडं बोट केलं. त्यानं चष्मा खाली घेतला आणि पुन्हा डाग द्यायला लागला.

दुकानदार आला तेव्हा मी पायरीवरच होतो.

"मामा! पेटी कशी चालली?"

"माझी डिस्क दे."

ती त्यानं दोनच दिवसांत विकली होती. एका कॅमेरे बसवणाऱ्याला. कुठल्यातरी धान्याच्या दुकानात लागली होती आणि तीन आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चित्र तिच्यावर रात्रंदिवस उतरत होतं. मी तिथंही जाऊन आलो. त्या माणसाची चूक नव्हती. त्यानं मला डिस्क काढूनसुद्धा दिली. म्हाताऱ्या मिस्त्रीनं तासभर बघून मान हलवली. तिच्यात गोणी उचलणारे हमाल होते. बायकोच्या वाचनातलं एक अक्षर नव्हतं.

पण त्या सकाळी दुकानात मी दुसरंच विचारलं. "तुला रंग दिसला होता का नाय?"

"मामा, मी मागितली नव्हती. तुम्ही ठिवली."

"ते मला माहिताय. रंग दिसला होता का नाय?"

"रोज इतक्या डिस्का बघतो. कुणाकुणाचा रंग ध्यानात ठिवू? आन् तुम्हीच म्हणले, दोन्हीत एकच."

"व्हय का नाय, एवढंच सांग."

तो एका गिऱ्हाइकाकडं वळला. "बोला साहेब." माझं डोकं फिरलं. कीबोर्डांच्या ढिगाला मी हाताचा तडाखा दिला, सगळा ढीग बोळात. लोक जमले. तो शांतपणे म्हणाला, "वयाकडं बघून सोडतो, मामा." मग मीच खाली बसून ते गोळा करायला लागलो, कारण एक बाई कडेवर पोर घेऊन थांबली होती आणि तिला जायला वाट नव्हती. गुडघे दुखत होते. म्हातारा मिस्त्री येऊन माझ्याबरोबर उचलू लागला.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. बझरसकट. तिनं ऐकून घेतलं. मी दुकानदाराला शिव्या देत होतो, तो आजोळचा, तो गोड बोलणारा. तिनं हात वर केला. मी थांबलो. ती म्हणाली, त्या घासलेल्या आवाजात, "द्यायच्या आधी मला विचारायचं होतं."

एवढंच. पुढं दोन दिवस ती बोलली नाही, आणि डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं म्हणून, का माझ्यामुळं, हे मला कळायला मार्ग नव्हता.

मग फोन यायला लागले. त्यात एक दौलताबादची मुलगी. यंदा दहावीला. तिच्या घरची माणसं शेळ्या घेऊन डोंगराच्या कडेनं हिंडतात, घरात तिला पुस्तक वाचून दाखवणारं कुणी नाही.

"काका, बाईंचं विज्ञान झालं का ओ? वर्गातल्या पोरी लई पुढं गेल्या."

मी म्हणालो, होतंय. दुसऱ्यांदाही होतंय म्हणालो. तिसऱ्यांदा बायकोनं फोन हातातून घेतला, पण तिचा आवाज पलीकडं पोचेना. मुलगी "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" म्हणत राहिली. बायकोनं फोन खाली ठेवला, आत गेली आणि विज्ञानाचं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

आता मी वाचतो, पहिल्या पानापासून, कारण तिचा तो अर्धा धडाही आजारी डिस्कवरून धड निघाला नाही. गादी मी लावतो, पंखा मी बंद करतो. ती समोर पेन्सिल घेऊन बसते आणि चुकलो की टेबलावर टक करते. मग ते वाक्य पुन्हा. पहिल्या पानाला दोन दुपारी गेल्या. "अपवर्तनांक" हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही. आकृती आली की मी गप्प होतो, तेव्हा ती स्वतःचा तळहात उभा धरते, बोट आणते, वाकवते, आणि मी जे दिसतं ते सांगतो. ती मान हलवते, असं नाही. पुन्हा बोट वाकवते. दुपारी तीनला मी एवढा थकलेला असतो की शेडमध्ये दोन पाळ्या केल्यावरही कधी तसा थकलो नव्हतो. कार्ड आता मी पुसत नाही. तीन ठिकाणी उतरवतो. ती बघते.

परवा तिनं स्वतःचा नियम मोडला आणि पहिला धडा एकटाच पाठवायला लावला. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"काका, तुम्ही वाचलं?"

"व्हय."

"तुम्ही लई वरडता. शेळ्या हाकल्यावानी." ती हसली, मीही हसलो. मग म्हणाली, "पण समजलं थोडं. बाईंनी का नाय वाचलं? त्या तर मार्चात म्हणल्या होत्या, सगळं वाचून ठिवलंय. ते कुठं गेलं?"

मी तिला लाईटचं कारण दिलं. बझरचं, पकडीचं, सौद्याचं उत्तर मी माझ्या बायकोला दिलेलं आहे आणि रोज दुपारी गादीमागं बसून देतो आहे. पण त्या पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडं नाही. ते शहागंजात, त्या टेबलापलीकडं आहे. डिस्क मला नको, पेटीचा भाव परत नको, माफी पण नको. त्या माणसानं एवढंच सांगावं: दोन्ही डिस्का समोर असताना त्याला पिवळा रंग दिसला होता का नाही? दिसला असेल तर "मामा, ही चालते ती आधी उतरवून घ्या" एवढं म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? मला सांगायचं नसेल तर नको सांगू दे. दौलताबादचा फोन मी त्याला जोडून देतो. त्यानं त्या पोरीला सांगावं.